बंद चुलींच्या आळीतला केक

आमच्याकडं माणूस एकदम मरत नाही. आधी त्याच्या पायाला लागतं. बायकोला गाडीत घालून नातेवाईक निघाले की वाटेत कुठंतरी तो ‘जरा सिरियस’ होतो, आणि दवाखान्याच्या दारात गाडी थांबली की मग मरतो. या पद्धतीनं कुणाचं काही भलं झाल्याचं मी पाहिलेलं नाही. पण ती मोडायची छाती कुणाची होत नाही.

रणजितच्याही त्या दिवशी पायाला लागलं. आमचं गाव पणदरे, ते सोडताना पायाला लागलं, बारामतीच्या पुढं तो सिरियस झाला, इंदापुरात गेला. प्रत्यक्षात तो पहाटेच गेला होता. इंदापूरकडं एका कंपनीत त्याला रात्रपाळी असायची. सुटून मोटरसायकलवर घरी निघाला आणि धुक्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गेला. ट्रॉलीच्या मागं ‘आईवडिलांची पुण्याई’ असं तीन रंगांत लिहिलेलं होतं. दिवा नव्हता.

रणजित माझा चुलतभाऊ, माझ्याहून बराच लहान. त्याचं घर आमच्या समोर, मध्ये आळीचा रस्ता. घरात त्याची आई कुशाबाई, म्हणजे माझी काकी, बायको सुप्रिया आणि दोन मुलं. अनय नऊ वर्षांचा. इरा त्या दिवशी सहा वर्षांची झाली.

सुप्रियाला घेऊन गाडी निघाली तेव्हा माझी बायको सुधा तिच्या शेजारी बसली होती. सुप्रियाला धरायला बाईमाणूस पाहिजे, असं भावकीनं ठरवलं होतं. पायाला लागलेल्या माणसाच्या बायकोला धरावं का लागतं, हे सुप्रियानं विचारलं नाही. पोरांना माझ्याकडं सोडलं. “पप्पांच्या पायाला लागलंय, घेऊन येते,” एवढं सांगून ती गेली. तिला जे सांगितलं होतं तेच तिनं पुढं सांगितलं.

मग इंदापूरहून तिचा फोन आला.

“भाऊजी, पोरं कुठंयत?”

“इथंच. पडवीत.”

“तुम्ही बाजूला व्हा.”

मी मागच्या मोरीपाशी गेलो.

“मला खोटं सांगून आणलं,” ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता, लाइट बिलाची चौकशी करावी तसा. “सगळ्यांनी. सुधाताईंनीपण. पासष्ट किलोमीटर मी प्लास्टरचा विचार करत आले. वर झोपायचं कसं, जिना कसा चढतील. माझ्या पोरांना असं कुणी फसवायचं नाही. कळलं का?”

“हो.”

“आणि खरंपण सांगायचं नाही. मी येते, मी सांगते. माझ्याशिवाय कुणाच्या तोंडून त्यांना कळता कामा नये. एवढं करा.”

“करतो.”

“आणि केक करा.”

“काय?”

“सामानाची पिशवी तुमच्या ओट्यावर आहे, काल ठेवलेली. केक करायला घेतला की दोघं स्वयंपाकघरातून हलत नाहीत. बाहेर गेली तर कुणीतरी डोक्यावरून हात फिरवंल, रडंल, आणि झालं. इथं अजून कागदं व्हायचीत. मला दुपार होईल.”

फोन बंद झाला. मी पंचवीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. खरंही नाही आणि खोटंही नाही असं बोलणं आपल्याला जमतं, असा माझा समज होता. पण तो वर्गातला समज होता. वर्गात कुणी प्रश्न विचारत नाही.

“काका, पप्पा कधी येणार?” इरानं मी आत आल्याबरोबर विचारलं.

“दुपारी येतील.”

“नक्की?”

“नक्की.”

हे खरं होतं.

आळीत एव्हाना माणसं जमायला लागली होती. मयताच्या घरी जमतात तशी नव्हे, कारण कुशाबाईला अजून काही सांगितलेलं नव्हतं. काकीचं बीपी मोठं, मागच्या वर्षी एकदा चक्कर येऊन पडलेली. तेव्हा मढं दारात आल्यावरच सांगायचं, तोवर पायावर भागवायचं, असा निर्णय झाला होता. त्यामुळं पांढऱ्या टोप्या घातलेली पंचवीस-तीस माणसं लिंबाखाली ‘सहज’ बसली होती. काकी आपल्या दारापुढच्या ओट्यावर बसून त्यांच्याकडं बघत होती.

“का रं बाबांनो, आज कामंधामं न्हाईत व्हय?” तिनं विचारलं.

“सोसायटीची मिटिंग हाय,” कुणीतरी म्हणालं.

“हितं?”

“हापिसात ऊन येतंय.”

रडायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, काकीच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. बायका येऊन तिच्याजवळ बसत, शेंगांचा, म्हशीचा विषय काढत आणि पदर तोंडाला लावून उठून जात. एकीला तर ‘दात दुखतोय’ असं सांगावं लागलं.

एक गोष्ट मात्र कुणाला झाकता येत नव्हती. भावकीत मयत झालं की मढं उचलेपर्यंत आळीत चूल पेटत नाही. गॅस आले, तरी रीत चुलीचीच राहिली. कुणी कुणाला सांगत नाही. ज्याला कळतं तो आपला गॅस बंद करतो. लहान पोरांना बिस्किटं देतात, म्हाताऱ्यांना केळं. त्या दिवशी आळीत सकाळपासून ना कुकरची शिट्टी झाली, ना कुठं फोडणी तडतडली. समजणाऱ्याला तेवढ्यावरून समजतं. आणि काकीची सगळी हयात या आळीत गेली होती.

मी हे तेव्हा मनात आणलं नाही. माझ्यापुढं पिशवी होती.

पिशवीत मैदा, पिठीसाखर, लोण्याचं पाकीट, सोडा, बेकिंग पावडर, एक तपकिरी बाटली आणि गुलाबी मेणबत्तीचा सहाचा आकडा. केक दरवर्षी आमच्याच स्वयंपाकघरात व्हायचा, कारण आळीतला सगळ्यांत मोठा कुकर सुधाचा. करायची मात्र सुप्रिया. मी त्या वेळी बाहेर पेपर वाचत असायचो आणि तयार झाल्यावर ‘अरे वा’ म्हणायचो. माझा अनुभव तेवढाच.

“मोबाइलवर बघू,” अनय म्हणाला. “त्यात सगळं दाखवतात.”

मोबाइल ओट्यावर डब्याला टेकवून उभा केला. पुण्याकडची वाटावी अशी एक बाई हसत हसत मैदा चाळायला लागली. आम्हीही चाळायला लागलो. इरा पाटावर उभी राहून चाळणी हलवत होती. निम्मा मैदा परातीत, उरलेला ओट्यावर, आणि थोडा मांजरावर.

“काका, पप्पांना प्लास्टर घातलं असंल का?” इरानं विचारलं.

“दही किती म्हणाली ती?” मी विचारलं.

“एक वाटी. असंल का?”

“तू चाळ.”

“मी प्लास्टरवर चित्र काढणार. आमच्या वर्गात एकाला होतं, त्यावर सगळ्यांनी नावं लिहिली. मी फूल काढणार. दादा ट्रॅक्टर काढंल. दादाला फक्त ट्रॅक्टर येतो.”

“जेसीबीपण येतो,” अनय म्हणाला.

तेवढ्यात मोबाइलच्या पडद्यावर वरून एक पट्टी खाली सरकली. आमच्या आळीच्या ग्रुपवर भावकीतला ऋषिराज शुभेच्छांची आणि श्रद्धांजलीची चित्रं बनवून टाकतो. हात इतका बसलाय की माणूस गेल्याचं पोलिसांच्या आधी त्याला कळतं. काल रात्री रणजितनंच त्याला फोटो पाठवला होता, इराला कडेवर घेतलेला, आणि सकाळी सहाला ‘इरा हिस वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा’ असं पडलंही होतं. आता त्याच फोटोतून इराला कापून काढलं होतं. तिचा एक हात मात्र बापाच्या गळ्यात राहिला होता. खाली ‘भावपूर्ण’ एवढं दिसलं आणि मी मोबाइल उचलून खिशात टाकला.

“काका! बाई!” इरा ओरडली.

“बॅटरी संपत आली.” मोबाइलला बॅटरी खरंच कमी होती. मी बघून घेतलं.

“आता कसं करायचं?”

“आठवून करू.”

मी अनयकडं बघितलं. तो माझ्या खिशाकडं बघत होता. त्यानं एक पातेलं पुढं ओढलं आणि लोणी फेसायला घेतलं. त्यानं वाचलं की नाही, मला कळेना, आणि विचारावं तर ते सांगितल्यासारखंच झालं असतं. नऊ वर्षांच्या पोराला शाळेत तीन वर्षं वाचायला शिकवतात, आणि त्यानं ते शिकू नये असं वाटायची वेळ येते.

“दादा, प्लास्टर पांढरं असतं ना?” इरा.

“नसंल प्लास्टर.”

“का?”

“नसंल,” तो म्हणाला आणि जोरात फेसायला लागला.

“एकाच दिशेनं फिरव! मम्मी म्हणते उलटं फिरवलं की केक रुसतो.”

तो एकाच दिशेनं फिरवत राहिला. मी कुकरच्या झाकणाची शिट्टी आणि रिंग काढली, तळाला मीठ पसरलं, त्यावर जाळी ठेवली. एवढं मला आठवत होतं, कारण मीठ पाहून मी एकदा सुप्रियाशी विनोद केला होता. डब्याला आतून लोणी लावायचं काम इरानं केलं. तिनं ते बाहेरूनही लावलं. तपकिरी बाटलीतलं झाकणभर घालायचं असतं, असं अनय म्हणाला. इराच्या हातून बाटलीच कलंडली. व्हॅनिलाचा असा भपका उठला की मांजर उठून गेलं.

डबा कुकरात ठेवला, झाकण लावलं आणि गॅस पेटवला. बारीक केला.

“किती वेळ?” इरा.

“होईपर्यंत.”

“झाला की लगेच नाही कापायचा. पप्पा आल्याशिवाय कापायचा नाही. ते हात धरतात माझा.”

“बरं.”

हे मी बरं म्हणालो, ते मात्र खरं का खोटं, मला ठरवता आलं नाही.

थोड्या वेळानं बाजूच्या खिडकीशी हिंदुरावतात्या आले. भावकीतले सगळ्यांत जाणते. कुणाच्या पानात काय वाढायचं, कुणी कुणाच्या पाया आधी पडायचं, हे त्यांना विचारल्याशिवाय आमच्यात होत नाही. रागानं त्यांचा चेहरा तांबडा झाला होता, पण आवाज चढवता येत नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला कुजबुजत शिव्या देताना ऐकलं.

“आरं, लाज हाय का? मढं वाटंवर हाय आन तुझ्यात शिजतंय काय?”

मी त्यांना खिडकीतूनच बाजूला घेतलं. म्हणजे मी आतून सरकलो, ते बाहेरून. “तात्या, केक आहे. पोरीचा वाढदिवस. सुप्रियानंच सांगितलं, पोरं घरात राहावीत म्हणून.”

“केक हाय म्हून काय झालं? ग्यास पेटलाय का न्हाय?”

“पेटलाय.”

“मग? आख्ख्या आळीत वास सुटलाय. तिकडं समदी भावकी उपाशी, आमच्यात सकाळपासून च्या न्हाय कुणाच्या पोटात, आन शिकल्यासवरलेल्याच्या घरात भट्टी. रीत म्हंजी रीत. बंद कर.”

“पोरांना काय सांगू?”

“ग्यास संपला म्हून सांग.”

“संपलेला नाही. मला खोटं बोलायचं नाहीये.”

तात्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू हा आजारही आता गावात आला म्हणायचा. त्यांनी हात खिडकीच्या गजातून आत घातला. बटण त्यांच्या हातापासून वीतभर लांब होतं. आणि तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून काकीची हाक आली.

“भावजीऽ, कसला वं वास? ग्वाड येतोय.”

तात्यांचा हात गजातच राहिला. लिंबाखालची सगळी माणसं त्यांच्याकडं बघायला लागली.

“केक हाय, वैनी,” तात्या म्हणाले. “रघूच्यात. पोरीचा.”

“शिजतुया?”

“व्हय.”

“रघूच्यात ग्यास चालू हाय?”

“व्हय, वैनी.”

तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, डोळे मिटले, आणि सकाळपासून धरून ठेवलेला श्वास सोडावा तसा सोडला. मग ती हसली. तिच्याजवळ बसलेली बनाबाई उठून घराच्या मागं गेली. तिचा दात दुखायला लागला असावा.

तात्या परत खिडकीकडं वळले. राग गेला होता. त्या जागी काय आलं होतं, ते मला बघवलं नाही.

“बंद करू नको आता,” ते म्हणाले. “बंद केलास तर म्हातारी वळखंल.”

“तात्या, हे बरं नाही. तिला वाटतंय...”

“मला कळतंय काय वाटतंय. मग काय करू? सांगू? पडली म्हंजी दोन मढी उचलायची का एका दिवसात? चालू ठेव. म्या सांगतो आळीला, माझ्या परवानगीनं चाललंय म्हून.”

अशा रीतीनं रीत मोडायला रीतसर मंजुरी मिळाली.

मी मुद्दाम खोटं काही बोललो नव्हतो. मी फक्त गॅस पेटवला होता. पण आमच्या आळीत सगळी घरं गार असताना एका घरात शिजतंय याचा अर्थ एकच होतो. तो मी तोंडानं सांगायची गरज नव्हती. वाऱ्यावरून सांगून झाला होता.

आणि मग काकी स्वतःच आली. काठी टेकत रस्ता ओलांडून, उंबऱ्यात थोडी थांबून. लिंबाखालून दोघं-तिघं तिला अडवायला उठले आणि काय सांगून अडवावं हे न सुचून परत बसले.

“आजी, चप्पल बाहेर!” इरा.

“व्हय गं माझी मास्तरीन.” काकी पाटावर टेकली. “बघू कुठवर आलाय.”

“झाकण उघडायचं नाही. बसतो खाली.”

“मग र्‍हाऊ दे.” तिनं माझ्याकडं पाहिलं. चेहरा इतका मोकळा झाला होता की दहा वर्षांनी लहान दिसत होती. “रघू, तुला सांगू का? म्या लई भ्याले हुते सकाळधरनं.”

“काकी, चहा घेतेस का?” मी मध्येच म्हणालो.

“ऐक की. सारजाच्यात कुकर न्हाय. बनाच्यात धूर न्हाय, ती तर पाणी चुलीवर तापवती. मिटिंग म्हनं. एवढ्या टोप्या कधी मिटिंगला जमल्यात? मला येडी समजत्यात. म्या म्हणलं, कुशे, तुझं कायतरी गेलंय. हितं,” तिनं छातीवर हात ठेवला, “हितं नुसतं दगूड. कुणाला इचारायचं धाडस हुईना. इचारलं आन खरं सांगितलं मंजी?”

पोरं ऐकत होती. इरा कुकरकडं बघत, अनय आजीकडं बघत.

“आन मग तुझ्यातनं वास आला. जीव भांड्यात पडला बघ. तू घरचा माणूस. तुझ्यात शिजतंय मंजी काय झालेलं न्हाय. पायच मोडलाय तेवढा. पाय काय, जुळतोय. हेंचाबी मोडला हुता, बैलानं तुडवल्याला. वर वीस वरसं जगलं.”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. ‘काकी, चल जरा बाहेर’ एवढं म्हणून तिला मागच्या दारी नेता आलं असतं. पण मागच्या दारी माणसं होती, पुढच्या दारी माणसं होती, आणि काकी जे काही करील ते कुजबुजत करणार नव्हती. तिला सांगणं म्हणजे पोरांना सांगणं. सुप्रियानं आयुष्यात माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती. मी तोंड मिटलं आणि चहाचं आधण ठेवलं. त्या दिवशी आळीत चहा प्यायलेलं एकच माणूस होतं. तिनं वर बशीत ओतून फुंकून घेतला आणि अजून थोडा मागितला.

केक झाला. अनयनं सुरी खुपसून पाहिली, कोरडी निघाली. डबा खाली काढला. वरून फुगून मध्ये जरा तडा गेला होता, पण केकसारखाच दिसत होता. इरानं टाळ्या वाजवल्या. काकीनं तिच्या गालावरून हात ओवाळून बोटं मोडली.

“काका, गॅस बंद करा की,” अनय म्हणाला.

मी खिडकीकडं पाहिलं. तात्या गजापलीकडं उभे होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी एक पातेलं घेतलं, त्यात पाणी ओतलं आणि गॅसवर ठेवलं.

“ह्यात काय आहे?” इरानं विचारलं.

“पाणी.”

“कशाला?”

“उकळायला.”

तिला ते पटलं. ती सहाच्या मेणबत्तीशी खेळायला लागली. अनय पातेल्याजवळ आला, आत डोकावला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, “काका, मी ओतू का अजून? आटलं की.”

“ओत.”

त्यानं तांब्यानं पाणी ओतलं. मग दर थोड्या वेळानं उठून तो ओतत राहिला. काकी पाटावर बसून इराला सांगत होती, रणजित लहान असताना कसा गुळाची ढेप फोडून खायचा आणि मुंग्या लागल्या की मुंग्यांवर नाव घालायचा. ती सांगत होती, इरा हसत होती, आणि पाणी उकळत होतं. बाहेर पन्नास-साठ माणसं गप्प बसली होती. एवढ्या माणसांची शांतता मी कुठल्याही सभेत ऐकलेली नाही.

अँब्युलन्स आली ती भोंगा न वाजवता. तात्यांनी तसं फोनवर सांगून ठेवलं होतं. आळीच्या तोंडाशी थांबल्याचं फक्त दार सरकल्याच्या आवाजावरून कळलं. टोप्या उठल्या. काकीनं मान वर केली.

“आली वाटतं गाडी,” ती म्हणाली आणि काठी चाचपायला लागली.

“पप्पा!” इरा पाटावरून उडी मारून दाराकडं निघाली. अनयनं तिचा फ्रॉक मागून धरला. एवढा घट्ट की शिवण उसवली.

मागच्या दारानं सुप्रिया आत आली. तिच्या मागं सुधा. सुप्रियाला कुणी धरलेलं नव्हतं. तिनं आधी पोरांकडं पाहिलं, मग काकीकडं, मग माझ्याकडं. काकी इथं असेल, हे तिला कुणी सांगितलेलं नसावं.

“सांगितलंत?”

“नाही.”

“कुणालाच?”

“कुणालाच नाही.”

ती खाली बसली, सांडलेल्या मैद्यात, साडीची पर्वा न करता.

“मम्मी, केक खाली नाही बसला! दादानं एकाच दिशेनं फिरवला. पप्पा आले?”

“आले.” तिनं इराचे दोन्ही हात हातात घेतले. “इकडं बघ. अनय, तूपण ये. पप्पा आलेत. पण ते उठणार नाहीत. बोलणार नाहीत. पायाला लागलं नव्हतं. गाडी धडकली आणि पप्पा तिथंच वारले. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला चुकीचं सांगून गेले. आता खरं सांगतेय.”

“वारले म्हणजे?” इरानं विचारलं.

सुप्रियाला पुढचा शब्द आला नाही. पासष्ट किलोमीटर तिनं वाक्यं जुळवली असणार. हे एवढं एक जुळवायचं राहिलं होतं.

“मेले,” अनय म्हणाला.

इरानं त्याच्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. मग ती केककडं वळली आणि दोन्ही हातांनी डबा आपल्या पोटाशी ओढून घेतला. डबा अजून गरम होता. तिनं सोडला नाही.

मी काकीकडं बघत होतो. ती पडेल म्हणून मी तिच्यामागं जाऊन उभा राहिलो होतो. ती पडली नाही. ती रडलीही नाही. काठी हातात तशीच धरून ती माझ्या गॅसकडं बघत होती. निळी ज्योत, वर पातेलं, पातेल्यात पाणी. ती कितीतरी वेळ तिकडं बघत राहिली, एखादा हिशोब दोनदा मांडूनही जुळत नसावा तशी.

“रघू,” ती म्हणाली, “तुझ्यात शिजत हुतं की रं.”

मीही पातेल्याकडं बघितलं.

“म्या वास घेऊन आले. च्या प्याले.” तिनं सुप्रियाकडं पाहिलं, जणू सुनेनं साक्ष द्यावी. “ह्याच्यात शिजत हुतं गं. मग कसा जाईल माझा रणजित?”

सुप्रियानं मान खाली घातली. काकी उठली. मी हात पुढं केला तो तिनं धरला नाही. भिंतीला धरत ती ओट्यापर्यंत गेली आणि गॅसचं बटण शोधायला लागली. त्यांच्याकडचा गॅस जुना, बटणं वेगळी. तिला फिरवता येईना. अनयनं पुढं होऊन बंद करून दिला. ज्योत गेली, पाणी थोडा वेळ तसंच उकळत राहिलं, मग थांबलं.

मग काकीनं पहिला हंबरडा फोडला. सकाळपासून आळीनं जे तोंडात पदर घालून धरलं होतं ते बाहेर एकदम सुटलं. बायका, माणसं, सगळी. इरा डबा घेऊन आईच्या मांडीत शिरली. सुप्रियानं तिला डब्यासकट उचललं, अनयचा हात धरला आणि तिघं पुढच्या दारानं बाहेर गेली. सुधा काकीला घेऊन त्यांच्या मागं.

मी एकटा राहिलो. ओट्यावर सहाचा आकडा होता, तो मी उचलून फडताळात ठेवला. कुठं ठेवतात, मला माहीत नव्हतं.

खिडकीत हिंदुरावतात्या आले. डोळे पुसत होते.

“ग्यास बंद केला का?”

“हो.”

“बरं केलंस,” ते म्हणाले. “मढं आळीत आलंय.”